राक्षसाच्या गुहेतली सावड

मित्रांनो, मी एक जुना राक्षस आहे. घाबरू नका, आणि हसूही नका. हल्ली हसणारेच जास्त भेटतात. तुम्ही बसा, मी आपला येरझाऱ्या घालत बोलतो. मला एका जागी बसवत नाही. बसलो की वाटते, आता आले कोणीतरी, आता पडला पाठीत वार. सवयच लागली आहे, काय करणार!

मोबाईलवरचे असे खेळ तुम्हाला ठाऊक असतील, ज्यांत हजारो लोक एकाच वेळी एकाच रानात हिंडत असतात. तसल्या एका खेळात माझी गुहा आहे. कागदोपत्री माझे नाव पाषाणदंत. नाव भारदस्त आहे, पण ते उच्चारायचे कष्ट कोणी घेत नाही. पुण्यातल्या एका कचेरीत एका चित्रकार मुलीने मला काढले. माझा एक सुळा तिच्याकडून वाकडा निघाला आणि दुरुस्त करायचा राहून गेला. माझी डरकाळी ऐकून भले भले दचकतात, पण खरे सांगू? ती त्याच कचेरीतल्या एका माणसाची दुपारची जांभई आहे, यंत्रात घालून जाड केलेली. हे आपल्यातच राहू द्या.

सुरुवातीचे दिवस काय होते म्हणून सांगू! मला एकट्याने मारण्याची कोणाची छाती नव्हती. वीस-तीस जण जमायचे. गुहेबाहेर बसून बेत आखायचे. ढाल कोणी धरायची, बाण कोणी सोडायचे, यावरून आपसातच भांडायचे. मग आत यायचे ते "तू पुढे हो, तू पुढे हो" करत, एकमेकांना ढकलत. मी पडलो की नुसता जल्लोष! माझ्या मुडद्यावर पाय ठेवून फोटो काढायचे. मलाही बरे वाटायचे, खोटे कशाला बोलू? मेलो तरी मानाने मेलो, असे व्हायचे. चुलीवर चहाला उकळी येईल एवढ्या वेळाने मी पुन्हा उठायचो. आमच्यात तसा नियमच आहे.

पुढे खेळात नवे मुलूख आले. पंखांचे राक्षस आले, आग ओकणारे आले. गर्दी तिकडे गेली. माझ्या गुहेत कोळिष्टके पहिल्यापासूनच चितारलेली होती, ती आता शोभायला लागली.

आणि मग ते ठाण मांडून बसणारे आले. त्याचे असे आहे, मी मेलो की माझ्यातून सोन्याच्या मोहरा पडतात. खेळातल्याच, हातात न येणाऱ्या. पण त्यांच्यावर तलवारी मिळतात, घोडे मिळतात. ज्यांच्याकडे खरे पैसे आहेत आणि धीर नाही, ते खेळाडू या मोहरा खऱ्या पैशांनी विकत घेतात. घेणारे आले म्हटल्यावर विकणारे आले, आणि विकणाऱ्यांना माल पुरवणारेही आले. ते माझ्या उठण्याच्या जागेवरच दबा धरून बसतात. मी डोळे उघडले की धपाक! पुन्हा उघडले की पुन्हा धपाक! मित्रांनो, अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आत तुम्हाला कोणी रोज बदडून काढले, तर तुमचा स्वभाव कसा राहील? माझा हा असा झाला. जरा खुट्ट झाले की दचकतो.

असे पुष्कळ आले आणि कंटाळून गेले. एक मात्र जाईचना. त्या लढवय्याचे नाव 'नागफणी'. या खेळात जवळ उभे राहिलेल्यांना एकमेकांचे बोलणे ऐकू येते. शहाणे खेळाडू माईक बंद ठेवतात. नागफणीचा माईक कायम चालू. तो बंद करता येतो हेच त्याच्या घरी कोणाला माहीत नव्हते. त्यामुळे माझ्या गुहेत कोंबड्या ऐकू येऊ लागल्या. पाट्यावर चटणी वाटल्याचा आवाज यायचा. घाटातून वर येणारा वारा पत्रे वाजवायचा. आणि शनिवार-रविवारी कड्याकडे निघालेल्या पर्यटकांच्या गाड्यांचे हॉर्न, बाप रे! मी बाहेरचे काही पाहिलेले नाही, पाहणारही नाही. पण कुरवंडे गावाच्या वरच्या अंगाला असलेली ती वाडी मला कानांनी पाठ झाली.

तो लढवय्या होता रूपाचा. रूपा त्या वाडीतली सून. तिचा नवरा संदीप कड्याच्या वाटेवर टपरी टाकून पर्यटकांना कणसे भाजून द्यायचा. वराळ्याच्या एका नव्या इमारतीत राहणारा सत्यम नावाचा तरुण एकदा त्या टपरीत पावसाने अडकला. मोहरा विकायचा त्याचा धंदा. तिथेच त्याने संदीपला माझा पत्ता दिला. तुम्ही मारा, मोहरा मला द्या, मी तुमचे पैसे पाठवतो, असे ठरले.

आता तुम्ही म्हणाल, एकटी रूपा दिवस-रात्र कशी मारणार? इथेच तर गंमत आहे. मावळातल्या त्या वाडीत भातलावणी सावडीने होते. आज सगळ्यांनी माझ्या खाचरात राबायचे, उद्या तुझ्या. मजुरी कोणी कोणाला देत नाही, बदल्यात पाळी देतो. वाडीतल्या चार घरांनी तीच रीत मला मारायला लावली! खेळ चालेल असा फोन एकच, संदीपचा, रूपाच्या ओटीवर चार्जरला बांधलेला, दावणीच्या म्हशीसारखा. पाळीचा माणूस येऊन बसायचा, मागचा उठून जायचा. कोणी जोरात बटण दाबायचे, कोणी हळू. मी वारावरून माणूस ओळखायला लागलो.

रूपाची शेजारीण मंगल मारता मारता बोलत बसायची. तिच्या तोंडूनच मला पहिल्यांदा ते कळले.

"दिवाळी झाली का मुकादमाचा ट्रक यील," ती एकदा म्हणाली.

"यीना का. आमी न्हाई चढनार," रूपा आतून म्हणाली. "सारिका पयलीत गेलीया. मागल्या साली भट्टीवर नेली आन् अंगनवाडीतलं सगळं इसरून आली. यंदा तिला न्हाई हलवनार म्या."

"आन् खायाचं काय?"

"ह्यो हाय की," रूपा म्हणाली, आणि मला माहीत आहे, तिने माझ्याकडे बोट दाखवले असणार.

त्या वाडीतले लोक दरवर्षी भात घरात आले की घराला कुलूप लावून मुकादमाच्या ट्रकातून वीटभट्टीवर मजुरीला जातात, ते पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. खाचराचा तांदूळ वर्षभर पुरत नाही. पोरेही बरोबर जातात, आणि शाळा मागे राहते. रूपाला तेवढेच मोडायचे होते. मी मरत राहिलो, तर तिची लेक शाळेत राहणार होती. ऐकून मी चक्रावलो. इतकी वर्षे लोक मला हौसेने मारत होते. अशा कारणासाठी कोणी मारले नव्हते.

त्यानंतर वार बसला तरी पूर्वीइतका राग येईना. संध्याकाळी सारिका ओटीवर बाराखडी म्हणायची आणि मीही मनात तिच्यामागे म्हणायचो. मध्येच कोणीतरी मला ठार करायचे. उठेपर्यंत ती चार अक्षरे पुढे गेलेली असायची. माझी 'ट'ची ओळ अजून कच्ची आहे.

पण मला सगळ्यांत जास्त कोणी लळा लावला असेल, तर सावित्राबाईने. संदीपची आजी. तिला लढाईतले काही कळत नव्हते. नागफणीला माझ्यासमोर उभा करून रूपा फोन तिच्या हातात द्यायची आणि सांगायची, "आजी, ह्ये तांबडं दाबायचं." ती तांबडे दाबत राहायची. मला ती धोंड्या म्हणायची. "ऊठ रं धोंड्या, उजाडलं," असे म्हणायची आणि मग वार करायची. "माफ कर रं लेकरा, प्वाटासाठी करावं लागतं," हेही दर वेळी. पाषाणदंत या नावाला कधी कोणी जीव लावला नव्हता. धोंड्या म्हटले की मी बरोबर तिच्यापुढे उठायचो.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल राक्षस एकाच पारड्यात बसला. गुहेच्या तोंडाशी, जिथवर आतले बोलणे पोचत नाही, एक मुलगी येऊन उभी राहायची. प्रेरणा तिचे नाव, तुमच्याच वयाची. हातात साधी तलवार. तिला माझा एक दात हवा होता, त्याशिवाय पुढचा पूल तिच्यासाठी उघडत नव्हता. पण मी उठायचो तोच नागफणीच्या हातून पडायचो. तिने लिहून विचारले, "मला एकदा मारू द्याल का?" फोनवर होती सावित्राबाई. तिला वाचता येत नव्हते. मुलगी पुन्हा आली, पुन्हा विचारले, पुन्हा आजीचीच पाळी, पुन्हा उत्तर नाही. मग तिने ठरवून टाकले की हे माणूस नाहीच, मारायला लावलेले यंत्र आहे. अशी यंत्रे असतात बरे का, आणि त्यांना खेळात बंदी आहे. प्रेरणाने तक्रार केली. तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण मला गुहेत घुसमटल्यासारखे व्हायला लागले. काहीतरी होणार, काहीतरी होणार, असे आतून वाटत राहायचे.

आणि झालेच. दिवाळी नुकतीच सरली होती. वाडीत भाताची कापणी-झोडणी संपत आली होती, खरी सावड शेतात गेली होती. भर दुपारी ओटीवर सावित्राबाई एकटी, हातात फोन. तेवढ्यात खेळाची देखरेख करणारी बाई माझ्या गुहेत आली. अनिता तिचे नाव. कोणाला दिसू नये अशी ती आली, आणि तिने मला उचलून गुहेच्या पार मागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवले. युक्ती साधी होती. माणूस असेल तर राक्षस कुठे गेला म्हणून शोधेल. यंत्र असेल तर रिकाम्या जागेवरच वार करत राहील.

सावित्राबाईची नजर अधू. ती रिकाम्या जागेवर वार करत राहिली.

माझा जीव नुसता खालीवर झाला. अगं आजी, बघ की! मी इथे आहे! अनिताने काहीतरी लिहायला घेतले. माझ्याजवळ दुसरे होते तरी काय? मी ती जांभई होती नव्हती तेवढी ताकद लावून फोडली.

"अगं बया!" सावित्राबाई म्हणाली. "धोंड्या, तितं कुटं गेलास रं?"

तिला लढवय्या फिरवता येत नव्हता. पण उभ्या जन्मात तिने पिकल्या भातावर राखण केली होती, माळ्यावर बसून रानडुकरे हुसकावली होती. जनावर कोपऱ्यात दडले तर काय करायचे, हे तिला चांगले माहीत होते. तिने छाती भरून आरोळी ठोकली, "हुऽऽर्र! हाऽऽड! हाऽऽड!" सगळी गुहा दणाणली. आणि मी, एवढा थोरला राक्षस, निघालो की तिच्याकडे तुरुतुरु!

अनिताने लिहिणे थांबवले. "कोण बोलतंय?" तिने विचारले.

"म्या सावित्रा. तू कुनाची गं?"

"आजी, मी अनिता. या खेळाची देखरेख करते. इथे मशीन बसवलंय अशी तक्रार आहे. हा लढवय्या दिवस-रात्र झोपतच नाही."

"न झोपायला काय झालं? मंगल आली का म्या झोपती, म्या आले का मंगल झोपती. चार घरांची सावड हाये आमची." कोणीतरी विचारले म्हणून म्हातारी खुलली. "मोहरा त्यो वराळ्याचा सत्यम नेतो. इकतो म्हनं फुडं. लय गुनाचं पोर. तू बी येत जा, तुजी बी पाळी लावू."

अहो आजी, थांबा! मी पुन्हा डरकाळी फोडली.

"गप रं," ती मला म्हणाली. "बाया बोलत्यात."

आरोळी ऐकून प्रेरणा गुहेच्या तोंडातून दोन पावले आत आली होती. तिने सगळे ऐकले. "आजी," ती हळूच म्हणाली, "मला वाटलं तुम्ही मशीन आहात."

"आमचा म्हातारा बी ह्येच म्हनायचा," सावित्राबाई म्हणाली.

अनिता हसली नाही. घरात आणखी कोणी आहे का, असे तिने विचारले. सावित्राबाईने ओटीवरूनच हाक मारली आणि रूपा शेतातून पळत आली. तिला धाप लागली होती. हातातला विळा ओटीवर टाकल्याचा आवाज झाला.

"मॅडम, आमी चोरी केली का?" सगळे ऐकून रूपा म्हणाली. "हात आमचे, येळ आमचा. तांदूळ इकला तर चालतं, मग मोहरा इकल्या तर का न्हाई?"

"तुम्ही कष्ट केलेत, हे मला दिसतंय," अनिता म्हणाली. "पण गुहा एकट्या तुमची आहे का? ती मुलगी किती दिवस बाहेर उभी आहे. तिला एकदाही राक्षस मिळालेला नाही."

 रूपाला हे माहीतच नव्हते.

"तुम्ही मशीन नाही, एवढं मी कळवते. पण खातं एकीचं आणि हात अख्ख्या वाडीचे, वर विक्री. नियमात बसत नाही. दिवेलागणीला खातं बंद होईल."

"मॅडम, असं नका करू. दिवाळी झाली. ट्रक यील हो!"

कसला ट्रक, हे अनिताने विचारले नाही. तिला दुसऱ्या गुहेतून बोलावणे आले आणि ती गेली. एवढेच विचारले असते तर काय बिघडले असते? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

रूपाने संदीपच्या आईच्या बटणांच्या फोनवरून सत्यमला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. खेळात तो मोहरा घ्यायला गुहेसमोरच्या पुलापाशी घोड्यावर बसून होता, तोही थोड्या वेळाने दिसेनासा झाला. गुणाचे पोर!

"म्या बोलले त्ये चुकलं का गं?" सावित्राबाईचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"न्हाई आजी. खरं बोललीस तू," रूपा म्हणाली, आणि रडायला लागली. मोठ्याने नाही. पण माईक चालू होता.

दिवेलागणीपर्यंत मला कोणी मारले नाही. मी मधोमध उभा. मारा ना, अजून वेळ आहे, असे मला ओरडून सांगायचे होते. शेवटी सावित्राबाईच म्हणाली, "ती पोर अजून हाये का गं तितं? तिला पाळी दे."

"हिनंच तक्रार केली आन् हिलाच पाळी?"

"सावडीत राग धरत्यात व्हय? बांधावर मानूस येऊन हुबा ऱ्हायला, तर त्याला इळा द्यावा लागतो."

रूपाने नाक ओढले. मग ती प्रेरणाला म्हणाली, "ये गं आत. भिऊ नको. त्यो डाव्या अंगाला वळला का पाठीत मार. म्या फुडनं धरते." प्रेरणाची तलवार इकडे तिकडे जात होती. रूपा तिला सांगत राहिली, आता मार, आता सरक, शाब्बास. मी जमेल तेवढा डाव्या अंगाला वळलो. मला दात मिळाल्याचा आवाज ऐकू आला, आणि तिचे "थँक यू ताई" ऐकत मी पडलो. कितीतरी दिवसांनी मानाने मेलो.

उठलो तेव्हा नागफणी अजून समोर उभा होता. ओटीवर फोन वाजत होता, बटणांचा. मंगलने उचलला. "रूपे, मुकादम इचारतोय. ट्रक सकाळी वाडीवर आनू का म्हनतोय. आमी चार घरं तुज्याच तोंडाकडं बगतोय. काय सांगू?"

 सारिका मागे कुठेतरी बाराखडी म्हणत होती. मग रूपा म्हणाली, "त्याला सांग..."

आणि नागफणी नाहीसा झाला. माझ्यासमोर नुसती गुहा.

तेव्हापासून मला चैन नाही. आता कोणी दबा धरत नाही. उठतो, हवा तितका वेळ जिवंत असतो, भिंतीपासून भिंतीपर्यंत फेऱ्या मारतो. काय सांगितले तिने? ये म्हणाली की नको म्हणाली? दोन शब्दांसाठी जीव टांगणीला लागला आहे. प्रेरणा एकदा गुहेत डोकावून गेली. तिला विचारावेसे वाटले, पण खेळात मला एक जांभई तेवढी दिलेली आहे. म्हणून तर इथे, गोष्टीत, तुम्हाला गाठले.

मित्रांनो, रांगेत तुमचाही हक्क आहे, तो जरूर मागा. पण समोरचा उत्तर देत नाही म्हणून त्याला यंत्र ठरवून मोकळे होऊ नका. एकदा आवाज देऊन बघा. आणि माणूस निघालाच, तर अनितासारखे अर्ध्यावर सोडून जाऊ नका. पुढचे विचारा.

एक काम माझेही करा. कड्यावर फिरायला कुरवंड्याला गेलात, तर फोटो काढून झाल्यावर थोडे वरच्या वाडीत जा. रूपाचे घर कोणीही दाखवेल. दाराला कुलूप असेल, तर मला येऊन सांगू नका. दार उघडे असेल, तर ओटीवर एक म्हातारी बसलेली असेल. तिला आवाज देऊन सांगा, कारण तिला कमी दिसते. म्हणावे, आजी, धोंड्या विचारत होता.